रोममध्ये चौघे जण, सहाशे युरो आणि महिन्याचा पहिला रविवार: एक प्रकरण अभ्यास

परिस्थिती

पुण्याहून निघालेलं चौघांचं कुटुंब आहे असं धरू. चाळिशीच्या आतबाहेरचं जोडपं आणि सोबत नवऱ्याचे आईबाबा. बाबा ६८ वर्षांचे, आई ६५ वर्षांच्या. आईंना गुडघ्याचा त्रास आहे. सपाट रस्त्यावर त्या तासभर चालू शकतात, पायऱ्या मात्र मोजून मापून. चौघेही शाकाहारी. महिना ऑक्टोबर. शुक्रवारी दुपारी फ्युमिचिनो विमानतळावर उतरायचं आणि सोमवारी रात्रीच्या विमानानं परतायचं. मुक्काम एस्क्विलिनो भागात, पियात्सा व्हित्तोरिओजवळच्या एका छोट्या घरात. घराला स्वयंपाकघर आहे आणि भाडं आधीच भरलेलं आहे. विमान आणि भाडं सोडून बाकी सगळ्याला मिळून हातात ६०० युरो.

मधे येतो तो महिन्याचा पहिला रविवार. त्या दिवशी इटलीतली सरकारी संग्रहालयं आणि पुरातत्त्वीय स्थळं सगळ्यांना मोफत असतात, परदेशी पाहुण्यांनाही. त्यामुळे पहिला विचार येतो की कोलोसियम रविवारी करू, माणशी १८ म्हणजे एकूण ७२ युरो वाचतील. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय इथेच आहे आणि आमचं स्पष्ट मत आहे की तसं करू नये. कारण पुढे येईलच.

रोममध्ये खर्च कमी होतो तो ठिकाणं गाळून नव्हे, वेळा नीट लावून. इथली कितीतरी अव्वल चित्रं आणि शिल्पं चर्चमध्ये आहेत आणि तिथे तिकीट नाही. पण बहुतेक चर्च दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि तीन-चार वाजता उघडतात. रविवारी सकाळी तिथे प्रार्थना चालू असतात. हे लक्षात न घेता निघालेला माणूस बंद दारं पाहत फिरतो, मग उन्हात कंटाळून कुठल्यातरी टेबलावर बसतो आणि पैसे तिथे जातात.

(खालचे दर नियोजनासाठी धरले आहेत. निघण्यापूर्वी अधिकृत ठिकाणी एकदा ताडून घ्यावेत.)

विमानतळ ते घर

तीन पर्याय समोर येतात. लिओनार्दो एक्स्प्रेस ही थेट गाडी ३२ मिनिटांत तेर्मिनी स्थानकात नेते, माणशी १४ युरो, म्हणजे चौघांचे ५६. एफएल-१ ही साधी गाडी माणशी ८ युरो घेते, पण ती तेर्मिनीला जात नाही. ओस्तिएन्से किंवा तिबुर्तिनाला उतरून मेट्रो बदलावी लागते, बॅगा घेऊन जिने चढउतार करत. तिसरा पर्याय टॅक्सी. रोम महापालिकेच्या परवान्याच्या पांढऱ्या टॅक्सीला विमानतळ ते जुन्या ऑरेलियन तटाच्या आतला कुठलाही पत्ता, असा ठरलेला दर आहे: ५५ युरो, सामानासकट, अख्ख्या गाडीचा. पियात्सा व्हित्तोरिओ तटाच्या आत आहे.

म्हणजे चौघांसाठी दारापर्यंतची टॅक्सी एक्स्प्रेसच्या साध्या तिकिटांपेक्षा एक युरोनं स्वस्त पडते. दोघं असतील तर हे गणित उलटं होतं, हेही लक्षात ठेवावं. रांगेतल्या गाडीच्या दारावर ‘रोमा कापिताले’ लिहिलेलं आहे का ते पाहावं. फ्युमिचिनो गावाच्या परवान्याच्या गाड्यांचा दर वेगळा असतो. आगमनाच्या दालनात कुणी जवळ येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ म्हणत असेल तर त्याच्यामागे जायचं नाही, बाहेर अधिकृत रांगेतच उभं राहायचं. गाडीत बसण्याआधी ठरलेल्या दराबद्दल विचारून घ्यावं.

परतीला मात्र बस. सोमवारी घाई नसते, पाय शहराला सरावलेले असतात आणि तेर्मिनीच्या बाजूच्या रस्त्यावरून सुटणाऱ्या विमानतळ-बस माणशी सात युरोंच्या आसपास घेतात. चौघांचे २८.

घरात शिरताच एक खर्च समोर येतो, तो बहुतेकांनी धरलेला नसतो: पर्यटक कर. रोममध्ये तो दर माणशी दर रात्री लागतो. रक्कम राहण्याच्या प्रकारानुसार बदलते, भाड्याच्या घराला ६ युरो धरावेत. चार माणसं, तीन रात्री, ७२ युरो. ऑनलाइन भाड्यात तो अनेकदा धरलेला नसतो, जागेवर भरावा लागतो. सहाशेतले ७२ म्हणजे थोडेथोडके नव्हेत. दहा वर्षांखालच्या मुलांना तो माफ आहे.

शुक्रवारची संध्याकाळ सोपी ठेवायची. सांता मारिया माज्जोरे ही मोठी बॅसिलिका, म्हणजे मानाचं चर्च, घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि चार प्रमुख बॅसिलिकांपैकी एक असल्यानं दुपारी बंद होत नाही. पाचव्या शतकातली मोझॅकं, पोप फ्रान्सिस यांची २०२५ मधली समाधी, तिकीट काही नाही. मग वाणसामान. एस्क्विलिनोचा झाकलेला बाजार दुपारनंतर आटोपतो आणि रविवारी बंद असतो, पण आजूबाजूच्या गल्ल्यांत बांगलादेशी आणि भारतीय दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात. तांदूळ, मसुराची डाळ, हळद, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर सगळं मिळतं. हा भाग निवडण्याचं अर्धं कारण हेच. रात्री वरणभात झाला की चौघांचं जेवण अगदी थोडक्यात भागतं आणि प्रवासानं थकलेल्या आईबाबांना तेच हवं असतं.

कोलोसियम शनिवारीच, आणि पैसे भरून

पहिल्या रविवारी कोलोसियमचं तिकीट मोफत असतं, पण वेळ राखून ठेवता येत नाही. ज्याला जायचंय त्यानं रांगेत उभं राहायचं. त्या रांगेत रोमचे रहिवासी, इटलीभरचे लोक आणि पर्यटक सगळेच असतात. गुडघा दुखणाऱ्या माणसाला दीड-दोन तास उभं ठेवून माणशी १८ युरो वाचवायचे आणि मग दिवसभरासाठी आईंना घरी बसवायचं, हा हिशेब चुकीचा आहे.

तेच १८ युरो दुसरीकडे वाचवता येतात. ओस्तिया आन्तिका, रोमचं प्राचीन बंदर, याचंही तिकीट १८ युरोंचंच आहे आणि तेही पहिल्या रविवारी मोफत. तिथली जागा इतकी पसरलेली आहे की गर्दी विरून जाते. म्हणून शनिवारी कोलोसियमला ७२ युरो भरायचे आणि रविवारी ओस्तियाचे ७२ वाचवायचे. खिशाला फरक शून्य, रांगेला फरक मोठा.

कोलोसियमची तिकिटं अधिकृत संकेतस्थळावर भेटीच्या ३० दिवस आधी उघडतात. शनिवार सकाळच्या वेळा पटकन संपतात, त्यामुळे तारखेची आठवण फोनवर लावून ठेवावी. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि ते पासपोर्टाशी जुळावं लागतं. नाव पासपोर्टवर आहे तसंच टाकावं. घरात रूढ असलेलं नाव किंवा लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर वेगळं असेल तर दारावर अडचण होते. तिकीट मिळालं नाही तर दुप्पट-तिप्पट दरानं विकणाऱ्या मध्यस्थाकडे जाण्याआधी शेजारच्या फोरम (प्राचीन रोमचा मुख्य चौक) आणि पॅलेटाइन टेकडीचं वेगळं तिकीट पाहावं. कोलोसियम बाहेरूनही भव्य दिसतं, आणि फोरम आत गेल्याशिवाय कळत नाही.

आणखी एक गैरसमज इथे दूर करायला हवा. ‘ज्येष्ठ नागरिक सवलत’ म्हणून बाबांच्या वयाचा दाखला सोबत नेण्यात अर्थ नाही. कोलोसियमला वयाच्या ६५ नंतर सूट नाही आणि १८ ते २५ वयोगटाचं दोन युरोंचं तिकीट फक्त युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. १८ वर्षांखालच्या मुलांना मात्र सरकारी स्थळं कुठल्याही देशाच्या पासपोर्टावर मोफत. व्हॅटिकनमध्येही बाबांना पूर्ण तिकीटच लागेल.

शनिवारचा क्रम असा. सकाळी आठला घरातून चालत सान पिएत्रो इन विन्कोली. मायकेलअँजेलोचा मोझेस इथे आहे, १५१५ च्या सुमाराचा, संगमरवरी, आणि या वेळी त्याच्यासमोर मोजकीच माणसं असतात. मूर्तीजवळ दिव्याची पेटी आहे. नाणं टाकलं की काही क्षण उजेड पडतो आणि दाढीच्या बटांत रुतलेली बोटं स्पष्ट दिसतात. अशा दिव्यांसाठी अर्ध्या आणि एका युरोची नाणी वेगळी ठेवावीत. तिथून उतारानं कोलोसियम दहा मिनिटांवर. चढण मागे राहते, म्हणूनच हा क्रम.

कोलोसियमची वेळ साडेनऊची घ्यावी. काचेच्या बाटल्या आणि मोठ्या बॅगा आत चालत नाहीत. वरच्या मजल्यासाठी लिफ्ट आहे, आईंची अडचण सांगितली की वापरता येते. कोलोसियम, फोरम आणि पॅलेटाइन मिळून असलेलं हे तिकीट २४ तास चालतं, पण प्रत्येक ठिकाणी एकदाच शिरता येतं, म्हणून फोरममधून ‘जरा बाहेर जाऊन येतो’ असं होत नाही. पाण्याची सोय आणि स्वच्छतागृह आत शिरण्याआधी उरकावं. फोरमची फरशी म्हणजे उंचसखल काळे दगड. आईंनी व्हिया साक्रा या तिथल्या मुख्य रस्त्यावर टायटसच्या कमानीपासून मॅक्सेन्टियसच्या बॅसिलिकेपर्यंत एवढंच पाहिलं तरी पुष्कळ. त्या बॅसिलिकेखाली डोमिशियन सम्राटाच्या काळातलं मिरीचं कोठार सापडलं आहे. मलबारची मिरी जहाजांनी तांबड्या समुद्रापर्यंत आणि तिथून इथवर यायची. पॅलेटाइनची चढण बाकीच्या तिघांनी करावी.

पाणी, पिझ्झा आणि उभ्यानं कॉफी

रोमभर सुमारे अडीच हजार सार्वजनिक नळ आहेत. बिडाचा खांब, त्याला वाकडी नळी, अखंड वाहणारं थंड पाणी. त्याला लोक ‘नासोने’ म्हणतात. पाणी पिण्याचं आहे. नळीचं तोंड बोटानं दाबलं की वरच्या छोट्या भोकातून कारंज्यासारखी धार येते आणि न वाकता पिता येतं. स्मारकांजवळ ठेलेवाले अर्ध्या लिटरला दोन-तीन युरो घेतात. चौघांनी दिवसाला दोन-दोन बाटल्या घेतल्या तर तीन दिवसांत पन्नासएक युरो केवळ पाण्यात जातात. स्टीलच्या दोन बाटल्या घरून न्याव्यात.

दुपारचं जेवण ‘पित्सा अल ताल्यो’. मोठ्या आयताकृती ट्रेमधला पिझ्झा वजनावर विकतात आणि पाटीवर किलोचा भाव असतो. दुकानदार सुरी पिझ्झ्यावर टेकवून तुमच्याकडे पाहतो, हातानं ‘अजून’ किंवा ‘कमी’ दाखवायचं. किलोला २० युरो भाव असेल तर ३०० ग्रॅम सहा युरोंना पडतो आणि एका माणसाचं पोट भरतं. बटाट्याचा, नुसत्या टोमॅटोचा, भोपळ्याच्या फुलांचा असे प्रकार असतात. फुलांच्या पिझ्झ्यात बहुधा अँचोव्ही मासा घालतात, तेवढं विचारावं. ‘सुप्ली’ नावाचा तळलेला भाताचा गोळा शाकाहारी वाटतो, पण पारंपरिक प्रकारात खिमा असतो. पेकोरिनो चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारं विरजण) वापरतात. हे ज्यांना चालत नाही त्यांनी चीज नसलेला ‘मारिनारा’ घ्यावा. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नको, एवढं पाठ असलं की काम भागतं.

कॉफीचा भाव बसण्यावर ठरतो. काउंटरवर उभं राहून एस्प्रेसो सव्वा ते दीड युरो. तीच प्रसिद्ध चौकातल्या टेबलावर बसून घेतली की तीन-चार पट होते. पुष्कळ ठिकाणी आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती काउंटरवर दाखवायची असते. बारमधलं स्वच्छतागृह गिऱ्हाइकाला वापरता येतं, त्यामुळे एका कॉफीत दोन कामं होतात. बसायचं असेल तर बागेतला किंवा चौकातला बाक गाठावा. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे आणि दंड मोठा आहे.

शनिवार दुपार: बंद वेळेचा उपयोग

चर्च बंद असतात त्या वेळात उघडं असतं पँथिऑन, प्राचीन रोमन मंदिर, जे आता चर्च आहे. २०२३ च्या जुलैपासून तिथे ५ युरो तिकीट आहे, शनिवार-रविवारी वेळ आधी राखून ठेवावी. शनिवारी संध्याकाळी पाचला तिथे प्रार्थना असते आणि त्याआधी पर्यटकांना बाहेर काढतात, म्हणून अडीचची वेळ घ्यायची. घुमटाचा व्यास आणि जमिनीपासून घुमटाच्या टोकापर्यंतची उंची दोन्ही सुमारे ४३ मीटर, वर नऊ मीटरच्या आसपासचं उघडं छिद्र, आणि काँक्रीट लोखंडाच्या सळईशिवाय जवळपास एकोणीसशे वर्षं उभं. चौघांचे २० युरो खुशाल खर्च करावेत.

त्यानंतर चर्च उघडू लागतात. सान लुईजी देइ फ्रान्चेझीमध्ये काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं, १५९९ ते १६०२ मधली, डावीकडच्या शेवटच्या कोनाड्यात. तिथून पाच मिनिटांवर सांत’ऑगोस्तिनो. तिथल्या ‘यात्रेकरूंच्या मॅडोना’समोर गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्या जोडप्याचे पाय मळके, भेगाळलेले आहेत. पंढरीच्या वाटेवरचे पाय पाहिलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. सांत’इन्यात्सिओमध्ये जमिनीवरच्या खुणेच्या चकतीवर उभं राहून वर पाहावं. घुमट दिसतो तो खरा घुमट नाही, आन्द्रेआ पोत्सोनं १६८५ मध्ये कॅनव्हासवर रंगवलेला आहे. मग पियात्सा नाव्होना. बेर्निनीच्या १६५१ च्या चार नद्यांच्या कारंज्यात आशियाची नदी म्हणून गंगा आहे, हातात लांब वल्हं घेतलेला दाढीवाला पुरुष. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे चर्चसाठी लागतात, सुती ओढणी सोबत असली की पुरते.

या अर्ध्या दिवसाचा तिकिटाचा खर्च पँथिऑनचे २० युरो आणि दिव्यांची नाणी. सांता मारिया देल पोपोलो दूर पडतं म्हणून या आराखड्यातून वगळलं, जरी तिथे काराव्हाज्जोची दोन चित्रं आहेत. आईंच्या गुडघ्याला तेवढं झेपणार नाही. परत बसनं.

तिकीट, पास आणि दंड

बस-मेट्रोचं साधं तिकीट दीड युरोचं आणि १०० मिनिटांचं. बस कितीही बदलता येतात, मेट्रो एकदाच. ‘टी’ पाटीच्या तंबाखूच्या दुकानात मिळतं. बसमध्ये यंत्रात छापून घ्यायचं असतं. तिकीट खिशात असून छापलेलं नसेल तरी दंड होतो आणि तो निदान ५० युरो असतो. बँकेचं कार्ड टेकवूनही प्रवास होतो, पण एका माणसाला एक कार्ड. बाबांनी एकच कार्ड चौघांसाठी चारदा टेकवलं तर तिघं विनातिकीट ठरू शकतात. कागदी तिकिटं घेतलेली बरी. दिवसाचा पास पाच-सहा फेऱ्या झाल्याशिवाय वसूल होत नाही आणि या आराखड्यात दिवसाला दोनच फेऱ्या आहेत.

७२ तासांच्या रोमा पासची किंमत साठ युरोंच्या आसपास, म्हणजे चौघांचे जवळपास २४०. त्यात पहिली दोन स्थळं आणि वाहतूक येते, व्हॅटिकन येत नाही. कोलोसियमची वेळ पास असूनही राखावीच लागते. या कुटुंबाचा कोलोसियम आणि वाहतुकीचा मिळून खर्च १०८ युरो आहे. ज्यांच्या मधे मोफत रविवार येत नाही आणि जे दिवसात चार-पाचदा बस धरतात त्यांनी पासचा विचार करावा.

रविवार: ओस्तिया

मेट्रो ‘बी’नं पिरामिदे, तिथे लगतच्या पोर्ता सान पाओलो स्थानकातून लिदोकडे जाणारी गाडी, उतरायचं ओस्तिया आन्तिका. तेच दीड युरोचं तिकीट चालतं, जाऊनयेऊन चौघांचे १२. स्थानकातून पादचारी पूल ओलांडून दहा मिनिटांत दार. सकाळी नऊपर्यंत पोचावं, सावली कमी आहे.

मुख्य रस्ता सरळ आणि सपाट आहे, दगड मात्र इथेही उंचसखल, त्यामुळे आईंनी रस्त्याच्या कडेनं, बसत-बसत चालावं. नाट्यगृह गाठलं की त्यामागच्या चौकात व्यापाऱ्यांच्या कचेऱ्या, आणि प्रत्येकीसमोर मोझॅकची पाटी: जहाजं, धान्याची मापं, दीपगृह, एका ठिकाणी हत्ती. दोन हजार वर्षांपूर्वीच्या बंदराची ही दुकानओळ आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा बंदरांचा आपल्याशी असलेला धागा लगेच दिसेल. पुढे थर्मोपोलियम, म्हणजे खानावळ: संगमरवरी कट्टा आणि भिंतीवर रंगवलेले पदार्थ. त्यानंतर आईंनी परत फिरावं, बाकीच्यांनी वाटल्यास तासभर आणखी. डबा घरून न्यावा, पराठे किंवा सँडविच. संध्याकाळी एकच बाहेरचं बसून जेवण, चौघांचे ६० युरो धरून. बिलात ‘पाने’ म्हणून ब्रेडचे पैसे दिसतील, ब्रेड नको असेल तर आणताक्षणी परत पाठवावा.

सोमवार: सगळ्यात महाग सकाळ

मेट्रो ‘ए’नं ओत्ताव्हियानो. सेंट पीटर्स बॅसिलिका सातला उघडते आणि मोफत आहे, सव्वासातपर्यंत पोचलं तर सुरक्षा तपासणीची रांग छोटी असते. नऊनंतर तीच चौकभर वळसे घेते. घुमटाला ५५१ पायऱ्या आहेत, लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात आणि तिकीट लागतं. या कुटुंबानं तो सोडावा.

व्हॅटिकन संग्रहालयांचं तिकीट २० युरो आणि आगाऊ नोंदणीचे ५, चौघांचे १००. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते मोफत असतं, पण इथे तो रविवार नाही. हे शंभर युरो वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. सिस्टीन चॅपेल आणि राफाएलच्या खोल्या यांना पर्याय नाही. फक्त अधिकृत संकेतस्थळावरून घ्यावं, त्याचा पत्ता ‘डॉट व्हीए’वर संपतो. दहाची वेळ घ्यावी. प्रवेशद्वार बॅसिलिकेत नाही, तटाला वळसा घालून पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं. आईंसाठी आत व्हीलचेअर मोफत मिळते, ओळखपत्र ठेवून. सिस्टीन चॅपेलपर्यंतची वाट लांब असल्यानं ती घ्यावीच.

हिशेब

जाणं-येणं ८३ (टॅक्सी ५५, बस २८). शहरातली वाहतूक तीन दिवसांची ३६. तिकिटं १९२ (कोलोसियम ७२, पँथिऑन २०, व्हॅटिकन १००). पर्यटक कर ७२. खाणं २०६: वाणसामान ५०, बाहेरचा पिझ्झा आणि प्रवासातलं दुपारचं खाणं ७२, एक रात्रीचं जेवण ६०, कॉफी आणि जेलातो २४. दिव्यांची नाणी आणि किरकोळ १०. एकूण ५९९.

शिल्लक जवळपास नाही, म्हणून काय बिघडू शकतं ते आधी पाहून ठेवावं. कार्डाच्या यंत्रानं रुपये की युरो विचारलं तर युरो निवडावं, रुपयांचा दर महाग पडतो. तेर्मिनी ते व्हॅटिकन धावणारी ६४ क्रमांकाची बस आणि मेट्रो ‘ए’ पाकीटमारांसाठी कुप्रसिद्ध आहेत, पासपोर्ट कपड्यांच्या आत असावेत. आणि संप. इटलीत वाहतुकीचे संप आधी जाहीर होतात आणि बहुधा शुक्रवारी किंवा सोमवारी असतात. रोमच्या बस-मेट्रो संपाच्या दिवशीही सकाळी साडेआठपर्यंत आणि संध्याकाळी पाच ते आठ चालवतात. सोमवारी संप असेल तर सकाळची मेट्रो मिळतेच, व्हॅटिकनहून परतायला मात्र पाचची वाट पाहावी लागेल किंवा टॅक्सी. विमान रात्रीचं असल्यानं सामान घरमालकाकडे ठेवून, विमानाच्या वेळेआधी चार तास तेर्मिनीवर पोचायचं ठरवावं. विमानतळाची बस रहदारीत अडकते तेव्हा नेहमीच्या पाऊण-एक तासाचे दीड तास होतात.